माइक बंद ठेवून एक संध्याकाळ

शल्यशास्त्राच्या परीक्षेत 'बिलरोथ-एक' आणि 'बिलरोथ-दोन' यांच्या आकृत्या काढल्या नाहीत असा डॉक्टर आपल्या संस्थेत शोधूनही सापडणार नाही. जठराचा खालचा भाग काढल्यावर उरलेले जठर कोठे जोडायचे, एवढ्यापुरतीच आपली या गृहस्थाशी ओळख. थिओडोर बिलरोथने जठराच्या कर्करोगावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात केली. त्याआधी १८७३ च्या शेवटच्या दिवशी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचे धाडसही त्यानेच प्रथम केले होते. त्याच १८७३ साली योहानेस ब्राह्म्सने आपली पहिली दोन स्ट्रिंग क्वार्टेट्स प्रसिद्ध केली आणि ती या शल्यविशारदाला अर्पण केली. ब्राह्म्स तेव्हा चाळिशीचा होता. त्यापूर्वी लिहिलेली वीसेक क्वार्टेट्स आपण फाडून टाकली असे तो सांगत असे. स्वतःच्या लेखनाबाबत इतक्या निष्ठुर माणसाने आपली कृती पुढे ठेवताना राजेरजवाड्यांकडे न पाहता एका डॉक्टर मित्राकडे पाहिले, हे मला फार बोलके वाटते.

बिलरोथला तरुणपणी संगीतकारच व्हायचे होते. घरच्यांनी त्याला वैद्यकाकडे वळवले. (आपल्याकडेही असे किती जण असतील! फरक एवढाच की त्याने वाद्य माळ्यावर टाकले नाही.) तो पियानो उत्तम वाजवी आणि व्हायोलाही वाजवी. व्हिएन्नातील त्याच्या घरी मित्रमंडळी जमत आणि ब्राह्म्सच्या अनेक नव्या रचना जाहीर सभागृहात जाण्याआधी त्या दिवाणखान्यात वाजवून पाहिल्या जात. संगीताची जाण नेमकी कोणाला असते, या प्रश्नावर तो अखेरच्या काळात एक पुस्तक लिहीत होता. ते अपुरेच राहिले आणि त्याच्या निधनानंतर १८९५ मध्ये समीक्षक हान्सलिक याने प्रसिद्ध केले.

हे सारे आठवायला निमित्त झाले आपल्या गेल्या स्नेहसंमेलनाचे. जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम होता. गायक तयारीचे होते, निवेदक हजरजबाबी होता, भोजनाबद्दल तर कोणाचीच तक्रार नव्हती. पण रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिक्षेपकांच्या ज्या भिंती उभ्या केल्या होत्या, त्यांच्यापुढे गाण्यातले गाणे हरवून गेले. माझ्या पुढच्या रांगेतील दोन ज्येष्ठ सदस्यांनी आपापली श्रवणयंत्रे काढून खिशात ठेवली. ती त्यांना बसवून देणारे आपले कान-नाक-घसा तज्ज्ञ शेजारीच होते. त्यांनी स्वतःच्या कानांवर हात ठेवले होते. मध्यंतरात मी कार्यकारिणीतील एका मित्राला म्हणालो, "पुढच्या खेपेस माइकच नको असा काही कार्यक्रम ठेवू या." तो हसून म्हणाला, "मग तो ऐकणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. चाळीसएक वर्षे माझे काम रुग्णाच्या डोक्याशी बसून ऐकण्याचे. पल्स ऑक्सिमीटरचा 'टिप्' असा आवाज प्रत्येक ठोक्याला येतो आणि रक्तातील प्राणवायू घटू लागला की त्याचा स्वर उतरू लागतो. पडद्याकडे न पाहताही तो उतार कानाला जाणवतो आणि हात आपोआप हालचाल करू लागतो. सर्जन, सहायक, परिचारिका, भूलतज्ज्ञ अशी चार माणसे फारसे न बोलता एकमेकांच्या श्वासावर काम करतात, तो अनुभव तुम्हा सर्वांचा आहे. पाश्चात्त्य संगीतातील स्ट्रिंग क्वार्टेट मी प्रथम ऐकले, तेव्हा मला शस्त्रक्रियागृहच आठवले. दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. समोर छडी घेऊन उभा राहणारा कोणी नाही. पहिला व्हायोलिनवादक किंचित मान उचलून श्वास घेतो आणि त्या श्वासावर चौघे एकाच क्षणी गज टेकवतात. (मराठीत 'चौकडी' म्हटले की भलतेच काही मनात येते, म्हणून मी 'क्वार्टेट' हाच शब्द वापरतो.) या प्रकाराला 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे घरातले दालन. जे संगीत दालनात बसून, हाताच्या अंतरावरच्या माणसांसाठी वाजवायचे, ते चेंबर म्युझिक. आपल्याकडे याला शब्द आहे आणि तो अधिक चांगला आहे : बैठक.

मी ते ऐकले ते जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या 'मोन्ते'च्या चॅपेलमध्ये. तेथील संगीत महोत्सवाला एका कॅथलिक सहकाऱ्याने आग्रहाने नेले होते. खरे सांगायचे तर त्याचे मन राखायला गेलो होतो. खाली मांडवी, तिन्हीसांजेचा उजेड, आत लाकडी बाके. संथ भागाच्या अखेरीस चेलोने एक स्वर असा हळुवार सोडला की माझ्या तोंडून "वा!" निघून गेले. सगळे चॅपेल वळून माझ्याकडे पाहू लागले. दोन भागांच्या मध्ये दाद द्यायची नसते हे मला ठाऊक नव्हते. मी ओशाळलो खरा. पण पुढे वाचनात आले की अठराव्या शतकात तिकडचे श्रोतेही वादन चालू असताना टाळ्या देत आणि मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याचा आनंदाने उल्लेख केला आहे. तेव्हा तो गुन्हा मी आता मनाला लावून घेत नाही.

त्या रात्री घरी परतताना मनात एक वेगळीच बोच होती. ज्या भूमीत मी जन्मलो, तिच्यातच हे संगीत कित्येक पिढ्या नांदते आहे. चर्चच्या पाठशाळांत 'मेस्त्र' मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. सासष्टीतील जुन्या घरांच्या 'साल'मध्ये पियानो असे. पणजीत १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी स्थापन केली. आणि आम्ही? आम्ही अंत्रुज महालातली माणसे. देवळाच्या चौकातले कीर्तन, चवथीची आरती, नाट्यसंगीत आणि सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह यांवर पोसलेली. त्याबद्दल खंत नाही, अभिमानच आहे. पण चार दशके ज्या सहकाऱ्याबरोबर मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभा राहिलो, त्याच्या घरचे संगीत मी साठी उलटल्यावर प्रथम ऐकले, याला काय म्हणावे?

कार्यकारिणीत माझ्यावर एक आक्षेप आला तो असा की, "ते त्यांचे संगीत आहे." त्याचे उत्तर आमच्याच स्नेहसंमेलनात आहे. ज्या चित्रपटगीतांवर आम्ही माना डोलावतो, त्यांतील व्हायोलिनांचे थवे कोणी लिहिले आणि कोणी वाजवले? शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादकांचा मोठा ताफाच या पाठशाळांतून गेलेला. म्हणजे 'त्यांचे' संगीत आम्ही गेली सत्तर वर्षे ऐकतोच आहोत. फक्त ध्वनिक्षेपकातून, आणि नावानिशी नाही.

आता केसरबाईंविषयी. केरी गावची ही लेक १९७७ साली अंतराळात गेली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कोणाला ना कोणाला अभिमानाने सांगितलेले असते. 'व्हॉयेजर' यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तीत भारतातर्फे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पण त्या तबकडीवर भैरवीच्या पुढे काय आहे, हे मी तरी कधी विचारले नव्हते. भैरवीनंतर एक अमेरिकी ब्लूज गायक आहे आणि त्यानंतर, तबकडीची अखेरची रचना म्हणून, एक स्ट्रिंग क्वार्टेट आहे : बीथोव्हनच्या १३० व्या कृतीतील 'कावातिना' हा संथ भाग. पृथ्वीवरील सगळे संगीत समोर असताना निवडणाऱ्यांनी निरोपासाठी चार वाद्यांची बैठक निवडली. जयपूर-अत्रौली घराण्याची आमची गायिका आणि व्हिएन्नाचा तो बहिरा संगीतकार गेली कित्येक वर्षे एकाच तबकडीवर, एका गाण्याच्या अंतराने, सूर्यमालेबाहेर चालले आहेत. पणजी आणि फोंडा यांच्यामधले अंतर मात्र अजून पार व्हायचे आहे.

या 'कावातिना'त एक जागा आहे. तेथे पहिले व्हायोलिन अडखळू लागते, स्वर तालाच्या मागेपुढे पडतात, आणि बीथोव्हनने वर जर्मन शब्द लिहिला आहे 'बेक्लेम्ट', म्हणजे छाती दडपल्यासारखे. २०१४ च्या सुमारास काही अमेरिकी अभ्यासकांनी, ज्यांत हृदयरोगतज्ज्ञही होते, असे सुचवले की ही लय बीथोव्हनच्या स्वतःच्या अनियमित ठोक्यांचे प्रतिबिंब असावी. स्वरलेखनावरून ईसीजी वाचण्याचा हा प्रकार मला थोडा धाडसाचा वाटतो. निदान सिद्ध होणे शक्य नाही. परंतु ती जागा ऐकताना आपला हात नकळत मनगटाकडे जातो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

त्याहूनही डॉक्टरांनी ऐकावी अशी रचना म्हणजे १३२ व्या कृतीतील तिसरा भाग. १८२५ च्या एप्रिलमध्ये बीथोव्हन आतड्याच्या विकाराने अंथरुणाला खिळला. डॉ. ब्राउनहोफर यांनी मद्य, कॉफी, मसाले सगळे बंद केले. रुग्ण तऱ्हेवाईक होता. पथ्य पाळणारा म्हणून त्याची ख्याती नव्हती. पण या वेळी तो बरा झाला. मे महिन्यात हवापालटासाठी बाडेनला असताना त्याने डॉक्टर आणि मृत्यू यांच्यावर एक छोटी विनोदी कॅनन रचून डॉक्टरांना पाठवली. आणि मग या क्वार्टेटमध्ये त्याने एक दीर्घ संथ भाग घातला, ज्याचे शीर्षकच आहे 'बऱ्या झालेल्या रुग्णाचे ईश्वराप्रती कृतज्ञतागीत, लिडियन स्वरपद्धतीत'. अतिशय संथ, जवळजवळ हालचाल नसलेले स्वर, मधूनच एक उठाव, ज्यावर 'नवी शक्ती जाणवते आहे' असे लिहिलेले, पुन्हा संथ, पुन्हा उठाव. पंधरावीस मिनिटे हे चालते. आजारातून उठलेला माणूस पहिल्या दिवशी खाटेवरून खिडकीपर्यंत जातो, थकतो, परत येतो. दुसऱ्या दिवशी दोन पावले अधिक टाकतो. आपण वॉर्डात हे रोज पाहतो आणि केसपेपरवर 'प्रकृतीत सुधारणा' एवढेच लिहून पुढच्या खाटेकडे जातो.

आणि ही 'लिडियन' पद्धत म्हणजे काय? षड्ज धरून चढत गेले तर सगळे स्वर शुद्ध आणि मध्यम तेवढा तीव्र. म्हणजे आपला कल्याण थाट! राग नव्हे, हे आधीच सांगतो. त्यात यमनाची चलनवलने शोधाल तर निराश व्हाल. त्यांचा रस्ता स्वरसंवादाचा, आपला आलापाचा. पण तो तीव्र मध्यम कानावर आला की ओळखीचा माणूस परक्या गावी भेटल्यासारखे वाटते. मला त्या वेळी कुमार गंधर्वांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे पुत्र क्षयाने ग्रासले जाऊन १९४८ साली देवासला गेले. एक फुप्फुस निकामी झाले, काही वर्षे गाण्यावर बंदी आली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतेच आले होते. त्या खाटेवरून उठलेले गाणे आधीच्या गाण्यासारखे राहिले नाही.

१३२ वी कृती प्रथम वाजली ती ९ सप्टेंबर १८२५ रोजी, व्हिएन्नातील एका खानावळीच्या खोलीत, मोजक्या श्रोत्यांपुढे. जाहीर वादन नंतर नोव्हेंबरात झाले. "ऐकणार कोण?" या प्रश्नाला तेव्हाही उत्तर मोजक्यांचेच होते.

आता मुद्द्याचे. २६ मार्च २०२७ रोजी बीथोव्हनच्या मृत्यूला दोनशे वर्षे पूर्ण होतात. जगभरातील क्वार्टेट्स त्या वर्षी त्याच्या अखेरच्या रचना हाती घेतल्यावाचून राहणार नाहीत. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात 'व्हॉयेजर'च्या उड्डाणांना पन्नास वर्षे होतील आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंच्या निधनालाही. दुसरे यान निघाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. अँथनी गोन्साल्विस यांची जन्मशताब्दीही २०२७ मध्येच. असे वर्ष पुन्हा येणार नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा की त्या वर्षी आपल्या संस्थेने चित्रपटगीतांचा कार्यक्रम न ठेवता एक बैठक भरवावी.

तारखेचा घोळ मी घालून पाहिला आहे. २६ मार्चला गुड फ्रायडे आहे. त्या दिवशी गोव्यात मैफल करणे उचित नाही. पहिले 'व्हॉयेजर' ५ सप्टेंबरचे. तेव्हा चवथीचा दुसरा दिवस, म्हणजे डॉक्टरच काय, रुग्णसुद्धा मिळणार नाहीत. १६ सप्टेंबरला पितृपक्ष. उरतो ऑगस्ट. दुसऱ्या क्रमांकाचे यान आधी निघाले, २० ऑगस्टला. त्या आठवड्यातला रविवार, २२ ऑगस्ट २०२७, मला सोयीचा वाटतो. पाऊस असेल, पत्र्याखालचे सभागृह तेवढे टाळावे लागेल.

पूर्वार्धात जयपूर-अत्रौली घराण्याची एखादी तरुण गायिका, दोन तानपुरे, तबला, पेटी. उत्तरार्धात १३२ मधला तो तिसरा भाग आणि शेवटी 'कावातिना'. जाणकार म्हणतील, अखंड रचनेतून एकेक भाग काढून वाजवणे हा अपराध आहे. असेलही. पण प्रथमच येणाऱ्या श्रोत्याला पाऊण तासाची संपूर्ण कृती देणे म्हणजे उपवास सोडताना श्रीखंड वाढण्यासारखे. आधी पेज देऊ. या रचना कठीण आहेत, हौशी हातांचे ते काम नाही. मुंबईत एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामध्ये २००६ पासून व्यावसायिक तंतुवादक आहेत, गोव्यातही चांगले शिक्षक आहेत. त्यांना वर्षभर आधी विचारावे लागेल, म्हणून आताच लिहितो आहे.

आणखी एक इच्छा आहे. पणजीत २००९ साली सुरू झालेली 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' ही संस्था साधनहीन घरांतील मुलांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकवत आली आहे. तिचे संस्थापक डॉ. लुईस डायस हे स्वतः प्रसूतितज्ज्ञ, आपल्याच पेशातले. कार्यक्रमाच्या आरंभी तेथील मुलांनी पाच मिनिटे वाजवावे आणि तिकिटांतून जे उरेल त्यातून त्यांच्यासाठी एखादे वाद्य घ्यावे. लहान मुलांचे व्हायोलिन दर दोन वर्षांनी बदलावे लागते, जसे बूट बदलावे लागतात.

खर्चाचे म्हणाल तर ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, निवेदक आणि ती भली मोठी कमान यांचा खर्च वाचतो. औषध कंपन्यांचा हातही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. तो नसलेलाच बरा. राहता राहिली श्रोत्यांची संख्या. शंभर आले तरी पुरे. शंभराहून अधिकांना आत घेऊच नये, कारण मागच्या रांगेपर्यंत चेलोचा आवाज विनामाइक पोहोचला पाहिजे. काहींना कंटाळा येईल, काहींचा डोळा लागेल. भूलतज्ज्ञ म्हणून मला त्याचे वावडे नाही.

आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. शक्य तर कार्यकारिणीबाहेरचा. त्या संध्याकाळी मोबाइल बाहेर ठेवावे लागतील, म्हणून ज्यांची त्या रात्री 'कॉल ड्यूटी' असेल त्यांच्यासाठी दाराशी एक स्वयंसेवकही लागेल. तसेच कोणा सदस्याच्या घरी सरळ पाठीच्या, बिनहातांच्या चार खुर्च्या असतील तर त्यांनी कृपया कळवावे. सभागृहातल्या सगळ्या खुर्च्यांना हात आहेत आणि हाताच्या खुर्चीत बसून चेलो वाजवता येत नाही.